कॉमा पोटात घालायचा की उघडा ठेवायचा?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सॉफ्टवेअर सिंथवर प्रत्येक कॉर्ड शुद्ध गुणोत्तरांत, ३/२, ५/४ अशा, लावली. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना सामाईक स्वर जागचा हलू दिला नाही. तरीही चार कॉर्डचं चक्र पाच वेळा फिरल्यावर सगळं अर्ध्या स्वराहून थोडं जास्तच खाली उतरलं. गणितात चूक कुठे झाली? शिवाय कॉमांची, म्हणजे सुरांमधल्या बारीक फरकांची, एवढी नावं वाचनात येतात, त्यातला नेमका कोणता मिटवायचा? 'जास्त शुद्ध' म्हणून सप्तकाचे त्रेपन्न समान भाग लावले तर? आणि दोन सेंटच्या (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) फरकाने कुणाचं काय बिघडतं?

गणितात चूक नाही. तुम्ही सगळं बरोबर केलंत, म्हणूनच ते खाली आलं.

सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू या, म्हणजे आकडे सुटसुटीत राहतात. शुद्ध ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नि ४५०. रे मुद्दाम सोडला आहे, कारण भांडण त्याच्यावरूनच आहे. पंचमाचा पंचम घेतला तर ३६० गुणिले ३/२ म्हणजे ५४०, एक सप्तक खाली आणला की २७०. आता ध कडून या. रे-म-ध ही मायनर कॉर्ड शुद्ध हवी असेल तर रे हा ध च्या खाली बरोबर एका पंचमाच्या अंतरावर हवा, म्हणजे ४०० गुणिले २/३, म्हणजे २६६.६७. दोन्ही रे शुद्ध, दोघांची बाजू खरी, आणि दोघांमधलं गुणोत्तर ८१/८०. हा २१.५ सेंटचा सिंटॉनिक कॉमा.

तुमचं चक्र सा मेजर, ध मायनर, रे मायनर, प मेजर आणि परत सा असं आहे. सा वरून ध वर आलात, ध ४००. तो धरून ठेवला म्हणून रे आला २६६.६७. तो रे धरून ठेवला म्हणून प झाला ३५५.५६. त्या प वरून सा काढला तर २३७.०४. एका फेरीत २४० चे २३७ झाले. पाच फेऱ्यांनंतर सा २२५.५ च्या आसपास असतो, म्हणजे १०७ सेंट खाली. वाद्यांच्या साथीशिवाय गाणाऱ्या समूहांना हे घसरणं चांगलं ठाऊक असतं. जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती या इटालियन गणितीने अशीच चक्रं मांडून ही घसरण पत्रांतून आकड्यांत दाखवली. त्याची ती पत्रं १५८५ मध्ये छापली गेली. तेव्हा तुम्हाला जो शोध लागला तो जुनाच आहे, वाईट वाटून घेऊ नका.

मला तो याहून महागात पडला होता. उमेदवारीच्या दिवसांत एकदा मी पेटीवर बारा पंचम कानाने अगदी स्वच्छ, एकही डोल, म्हणजे आवाजाचं लहानमोठं होत राहणं, न ठेवता लावत गेलो. तेराव्या ठिकाणी जो सा आला तो मूळ सा शी काही केल्या जुळेना. मला वाटलं, मधला एखादा पंचम कच्चा राहिला. पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस हा उद्योग चालला आणि एक रीड घासून घासून वाया गेली. खरं तर मला कानस नव्हे, भागाकार हवा होता. ३/२ कितीही वेळा स्वतःशी गुणलं तरी त्यातून २ चा घात कधीच निघत नाही, कारण एका बाजूला तीनच तीन आहेत आणि दुसऱ्या बाजूला दोनच दोन. बारा पंचम सात सप्तकांना २३.४६ सेंटने ओलांडून जातात. हा पायथागोरियन कॉमा. कॉमा या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'कापलेला तुकडा' असाच आहे. कापड बेतून झाल्यावर उरते तशी ही चिंधी.

आता मुख्य मुद्दा. कॉमा म्हणजे चूक किंवा दोष, अशी समजूत सुरुवातीला सगळ्यांचीच असते. त्याऐवजी असं बघा की कॉमा म्हणजे एकाच नावाच्या स्वराकडे जाणाऱ्या दोन वाटांमधलं अंतर. टेंपरामेंट म्हणजे ते अंतर शून्य आहे असं ठरवून वागणं. मी याला 'पोटात घालणं' म्हणतो. घरात एखाद्याचा अपराध पोटात घातला तर तो नाहीसा होत नाही, सगळे मिळून थोडं थोडं सोसतात. तसंच इथे आहे. ८१/८० पोटात घातला की तुमचे दोन रे एक होतात आणि चक्र मूळ सा वर परत येतं. पण त्यासाठी पंचमांना थोडं आखडून घ्यावं लागतं.

किती आखडायचं, ते पाहा. सा वरून चार पंचम चढलात, प, रे, ध, ग, की येणारा ग असतो ३०३.७५. शुद्ध ग ३००. फरक पुन्हा तोच, ८१/८०. म्हणजे चार पंचमांनी मिळून २१.५ सेंट सोसले तर गंधार तंतोतंत शुद्ध मिळतो. प्रत्येकाच्या वाट्याला ५.४ सेंट येतात आणि पंचम ७०१.९५५ वरून ६९६.५७८ वर येतो. युरोपात शेकडो वर्षं कीबोर्ड असे लावत. इटालियन संगीतशास्त्री पिएत्रो आरोनच्या १५२३ च्या ग्रंथात तसं लावायची कृती सापडते. हेच क्वार्टर-कॉमा मीनटोन. सोसण्याची वाटणी दुसऱ्या प्रकारेही करता येते. स्पॅनिश संगीतशास्त्री सालिनासने १५७७ मध्ये प्रत्येक पंचमावर एक तृतीयांश कॉमा टाकला आणि गंधाराऐवजी मायनर थर्ड, म्हणजे ६/५, शुद्ध ठेवला. कॉमा तोच आहे, फक्त भार कुणी किती उचलायचा एवढंच बदललं. हा भेद लक्षात ठेवा. 'कोणता कॉमा मिटवला' हा एक प्रश्न आणि 'मिटवताना कुणाला किती हलवलं' हा दुसरा. वाचकांचा अर्धा गोंधळ हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो.

हे असे आखडलेले बारा पंचम रचले तर वर्तुळ जुळतं का? नाही. आता ते ४१ सेंटने तोकडं पडतं. आधी वर्तुळ तेवीस सेंटने ओलांडलं जात होतं, आता त्याहून जास्त अंतर खाली राहतं. हा ४१ सेंटचा तुकडा म्हणजे १२८/१२५, त्याला डाएसिस म्हणतात. शुद्ध गंधार तीन वेळा चढून पाहा: २४०, ३००, ३७५, ४६८.७५. तार सा ४८० ला हवा होता. मीनटोनमध्ये हा तुकडा कुठे तरी ठेवावाच लागतो. बारा पट्ट्यांच्या कीबोर्डवर तो शेवटच्या पंचमात जाऊन बसतो आणि तो पंचम ७३७.६ सेंटचा होतो. त्याला 'वुल्फ' म्हणतात, कारण तो पंचम लांडग्यासारखा गुरगुरतो. नावात अतिशयोक्ती नाही, एकदा ऐकून बघा.

यातून बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या. एक, पट्ट्या वाढवायच्या. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्सने १६९१ मध्ये दाखवलं की सप्तकाचे ३१ समान भाग केले तर पंचम ६९६.७७ येतो, मीनटोनच्या पंचमापासून एक पंचमांश सेंटसुद्धा दूर नाही, आणि वर्तुळ ३१ व्या पंचमावर बंद होतं. डच भौतिकशास्त्रज्ञ आड्रिआन फोकरने विसाव्या शतकात या ३१ भागांचा ऑर्गन बांधवून घेतला. दुसरी वाट, ८१/८० बरोबर १२८/१२५ ही पोटात घालायचा. दोन्ही एकदम शून्य केले की बारा समान भागांखेरीज पर्यायच उरत नाही. आज सर्वत्र असलेला कीबोर्ड तो हाच. अधेमधे जर्मन संगीतशास्त्री व्हर्कमाइस्टर वगैरेंच्या असमान वाटण्या आहेत. त्यात वर्तुळ बंद होतं, पण प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा राहतो. तो विषय मोठा आहे आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध कमी, म्हणून सोडतो.

तुम्ही विचारलंत की कोणता कॉमा मिटवायचा. बहुतेक नवशिके लहानात लहान शोधतात. लहान म्हणजे कमी नुकसान, असा सरळ हिशेब. स्किस्मा, ३२८०५/३२७६८, फक्त १.९५ सेंटचा आहे. मग तोच मिटवू या? मिटवा, नुकसान जवळपास शून्य. पण फायदाही तेवढाच. स्किस्मा सांगतो की आठ पंचम खाली उतरलात तर शुद्ध गंधारासारखा स्वर मिळतो. आठ पंचम! तुमच्या चार कॉर्डच्या चक्रात ही वाट येतच नाही. ८१/८० अकरा पट मोठा असूनही त्याची वाट छोटी आहे, चार पंचम आणि एक गंधार, आणि रोजच्या संगीतात ती सतत चालली जाते. म्हणून कॉमा निवडताना दोन गोष्टी सोबत बघायच्या: तो किती मोठा आहे आणि त्याची वाट किती लांब आहे. मोठा पण छोट्या वाटेचा कॉमा मिटवला तर थोडक्या स्वरांत बरीच सोय होते आणि सूर थोडे बिघडतात. लहान पण लांब वाटेचा मिटवला तर सूर स्वच्छ राहतात आणि सोय मिळायला पुष्कळ स्वर लागतात. स्वस्त आणि मस्त दोन्ही असं मला आजवर मिळालेलं नाही. त्यातल्या त्यात २२५/२२४ जवळ येतो: ७.७ सेंट, आणि वाट दोन पंचम, दोन गंधार. त्या वाटेने गेलात की सातवा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या सातपट कंपनांचा स्वर, हाती लागतो.

एखादी विभागणी कोणता कॉमा पोटात घालते हे ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही, पाठकोऱ्या कागदावर होतं. प्रत्येक विभागणीसाठी मूळ स्वराच्या २, ३ आणि ५ पटींपर्यंत चढायला किती पायऱ्या लागतात ते लिहून ठेवा. बारा भागांसाठी १२, १९, २८. एकतीससाठी ३१, ४९, ७२. त्रेपन्नसाठी ५३, ८४, १२३. आता ८१/८० चे घात: दोनाचा उणे ४, तीनाचा ४, पाचाचा उणे १. एकतीसला लावा, म्हणजे घातांनी पायऱ्यांना गुणून बेरीज करा. उणे १२४, अधिक १९६, उणे ७२, उत्तर शून्य. पोटात घातला. त्रेपन्नला लावा. उणे २१२, अधिक ३३६, उणे १२३, उत्तर एक. म्हणजे तिथे कॉमा जिवंत आहे, चांगली एक पायरी अडवून बसला आहे. डाएसिसचे घात ७ आणि उणे ३, फक्त दोन आणि पाचाचे. बाराला ८४ उणे ८४, शून्य. एकतीसला २१७ उणे २१६, एक. म्हणूनच बारा भागांत तीन गंधार चढून सा वर परत येता येतं आणि एकतीसमध्ये येत नाही. एक वाट उघडली की दुसरी बंद होते, ती अशी.

या हिशेबाची आणखी एक गंमत. २, ३ आणि ५ एवढ्याच संख्यांवर काम करत असाल तर एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन कॉमा पोटात घातलेत की भागांची संख्या आपोआप ठरते. ८१/८० आणि १२८/१२५ यांनी बारा. स्किस्मा आणि क्लाइस्मा यांनी त्रेपन्न. ८१/८० आणि क्लाइस्मा यांनी एकोणीस. क्लाइस्मा म्हणजे १५६२५/१५५५२, ८.१ सेंट: सहा शुद्ध मायनर थर्ड चढलात तर एक सप्तक आणि एक पंचम होता होता एवढंच कमी पडतं. हे नाव शोहे तानाका या जपानी अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिलं. एकोणीस, एकतीस, त्रेपन्न हे आकडे कुणाला स्वप्नात दिसलेले नाहीत, ते या जोड्यांतून पडतात. हे कळल्यावर लोक 'सर्वांत चांगली विभागणी कोणती' असं विचारायचं सोडतात. निदान सोडायला हवं.

इथे एक विषयांतर. मराठी वाचकांना बावीस म्हटलं की श्रुती आठवतात, आणि लगेच कुणीतरी बावीस समान भाग लावून बघतं. त्यात पंचम तेरा पायऱ्यांचा, ७०९.१ सेंट, शुद्ध पंचमाहून सात सेंट चढा. २४० च्या सा बरोबर तो सेकंदाला सुमारे तीन वेळा डोलतो. तानपुऱ्यासोबत तो घटकाभरही सोसवणार नाही. भरताने बावीस श्रुती सांगितल्या म्हणून त्याला सप्तकाचे बावीस समान तुकडे अभिप्रेत होते असं होत नाही. बावीस समभाग ही स्वतंत्र आणि मजेदार व्यवस्था आहे. डायास्किस्मा हा कॉमा, २०४८/२०२५, तिथे शून्य होतो आणि ८१/८० पूर्ण एक पायरी खातो. पण तिचं सामर्थ्य तिच्या स्वतःच्या कॉर्डमध्ये शोधा.

आता दोन सेंटचं. सुरांची माळ वाजवली, एकामागून एक, तर दोन सेंटचा फरक बहुतेक कानांना कळत नाही, माझ्याही नाही. पण दोन स्वर एकत्र धरले की कान वेगळं मोजमाप लावतो. सा २४० आणि ग ३०० एकत्र वाजले की सा चा पाचवा आणि ग चा चौथा हार्मोनिक, दोघेही १२०० ला भेटतात. ग स्किस्माएवढा उतरला तर एक १२०० वर आणि दुसरा ११९८.६५ वर. तीन सेकंदांत साधारण चार डोल ऐकू येतात. पाठ्यपुस्तकात याला विस्पंद म्हणतात. म्हणजे फरक स्वराचा न कळता हलण्याचा कळतो, आणि लांब धरलेल्या स्वरात तो स्वच्छ कळतो. याच मापाने बारा भागांचा ग पाहा. तो ३०२.३८ वर असतो, शुद्धपेक्षा १३.७ सेंट चढा, आणि सेकंदाला साडेनऊ वेळा डोलतो. एवढ्या वेगात डोल वेगळे मोजता येत नाहीत, नुसता खरखरीतपणा जाणवतो. चार शुद्ध पंचमांतून आलेला ग, ३०३.७५, सेकंदाला पंधरा. बारा भागांचा पंचम मात्र शुद्धपेक्षा १.९५५ सेंटच उतरता, सव्वा सेकंदाला एक डोल. पियानो लावणारा हेच मोजत बसतो. हा आकडा स्किस्माशी इतका जुळतो की जर्मन संगीतशास्त्री किर्नबर्गरने स्किस्माएवढा उतरवलेला पंचम घेऊनच बारा भागांचं वर्तुळ बंद करायची युक्ती सुचवली होती. बारा स्किस्मा आणि पायथागोरियन कॉमा यांच्यात सेंटचा साठावा भागही पुरता उरत नाही.

यावरून एक व्यावहारिक सूचना. तुमच्या चाचण्या पियानोच्या सँपलवर करू नका. पियानोचा स्वर लगेच विरतो आणि जाड, ताठ तारांचे हार्मोनिक नेमक्या पूर्ण पटीत नसतात, त्यामुळे कान फसतो. नुसत्या साइन लहरीवरही करू नका. तिला वरचे हार्मोनिकच नसतात, मग ग शुद्ध की टेम्पर्ड हे भांडण व्हायचं कुठे? रीडसारखा किंवा करवती लहरीचा, न विरणारा आवाज घ्या, व्हायब्रेटो आणि कोरस बंद करा. कोरस म्हणजे मुद्दाम केलेला डोल. तो चालू ठेवून मायक्रोटोनल चाचणी करणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना सगळ्याच विभागण्या सारख्या वाटतात. शिवाय जुन्या सिंथ-यंत्रांची बारकाई तपासा. काहींत सप्तकाचे १०२४ च तुकडे असतात, म्हणजे एक तुकडा १.१७ सेंटचा. त्यावर स्किस्मा ऐकायला गेलात तर यंत्राने केलेलं पूर्णांकन ऐकाल.

तुमच्या रचनेसाठी काय निवडावं? तुमचं चक्र ८१/८० च्या वाटेवर चालतं, हा निकाल झाला. ते मूळ सा वर परत यायला हवं असेल तर हा कॉमा पोटात घालणारीच व्यवस्था घ्यावी लागेल: बारा, एकोणीस, एकतीस, किंवा कुठलाही मीनटोन. मी एकतीस सुचवेन. गंधार शुद्धपेक्षा एक सेंटही चढा नाही, पंचम पाच सेंट उतरता. हा पंचम पहिल्या दिवशी टोचतो, आठवड्याने टोचत नाही. जोडीला सातव्या हार्मोनिकचा ७/४ पंचवीस पायऱ्यांवर जेमतेम एका सेंटच्या फरकाने सापडतो. बारा भागांत तोच ३१ सेंट चढा असतो आणि कुणी त्याच्या वाटेला जात नाही. एकोणीसमध्ये मायनर थर्ड जवळजवळ शुद्ध, पण पंचम सात सेंटने आणि गंधारही सात सेंटने उतरता. मला तो थोडा पेंगुळलेला वाटतो, ही माझी आवड.

दोन वाटा आणखी आहेत. घसरण राहू द्यायची, पाच फेऱ्यांत अर्धा स्वर खाली जाणारी रचना म्हणूनच ती लिहायची. किंवा दोन्ही रे ठेवायचे, आणि रे मायनरवरून प मेजरवर जाताना सामाईक रे २६६.६७ वरून २७० वर उचलायचा. एकवीस सेंटची ती उडी मधल्या आवाजात असेल तर खपून जाते, वरच्या सुरावटीत असेल तर पकडली जाते.

शेवटी, तुम्ही 'जास्त शुद्ध' म्हणून त्रेपन्न लावायच्या विचारात आहात, त्याबद्दल. त्रेपन्नचा पंचम शुद्धपेक्षा सेंटच्या चौदाव्या भागाने उतरता आणि गंधार दीड सेंटच्या आत, एकेक कॉर्ड सुरेखच लागेल. पण वर काढलंच आहे, तिथे ८१/८० ची एक पूर्ण पायरी होते, आणि ती पायरी २२.६ सेंटची आहे. तुमचं चक्र त्यात पाच वेळा फिरवलंत तर १०७ ऐवजी ११३ सेंट खाली जाल.